सातव्याचं डिस्चार्ज कार्ड

पनवेलमधल्या निम्म्या पोरांनी जगात आल्याबरोबर पहिला चेहरा पाहिला तो आमच्या हिचा, असं मनासे नवगावकर चारचौघांत सांगायचे आणि मग आवाज खाली आणून पुढे जोडायचे, "म्हणून तर पोरं एवढी रडतात."

दिना सिस्टर यावर हसायच्या नाहीत. तीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेल्या बाईला विनोदापेक्षा वजनकाटा जास्त खरा वाटतो. त्यांचं घर खांदा कॉलनीत, सिडकोच्या बैठ्या घरांच्या ओळीत अगदी टोकाला होतं. पुढे हातभर रुंदीचा ओटा, मागे चार खाटा मावतील एवढं अंगण आणि त्यात शेवग्याचं झाड. मनासे पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेल्यामुळे ते ओट्यावरच्या खुर्चीत बसून रस्त्याचा कारभार पाहत. एकुलती एक मुलगी शेरॉन लग्न होऊन इस्राएलला, अश्दोदला गेलेली. एरवी घरात आवाज यायचा तो कुकरचा.

२०१३ च्या जानेवारीत एका रविवारी हॉस्पिटलच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर जगन दारात येऊन उभा राहिला. हातात पुठ्ठ्याचं खोकं.

"सिस्टर, डिलिव्हरी हाय."

"कुणाची?"

"होऊन गेली. सात हायत."

खोक्यात सात काळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका बंद गाळ्याच्या शटरला टेकवून कुणीतरी ते खोकं सोडून गेलं होतं. जगन तिथे चहाला थांबला होता. चहा तसाच टाकून तो खोकं घेऊन निघाला, आणि सरळ इथे आला, कारण कुणाचंही बाळ अडलं की कुठे न्यायचं हे त्याला एकच ठिकाण ठाऊक होतं.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकेकाला उलटंपालटं करून पाहिलं. "रॉटवायलर आहेत सिस्टर. महिन्याभराची असतील. ही कामाची जात. मूळची गुरं हाकणारी, बाजारात गाडी ओढणारी. मांडीवर घेऊन बसायची नव्हेत. एकेक पन्नास किलोचा होईल."

"मग टाकली का?"

"छातीवर पांढरा डाग बघा, सातांच्याही. जातीत चालत नाही तो. विकायला काढलं की गिऱ्हाईक भाव पाडतं."

मुलगी झाली म्हटल्यावर आणलेले पेढे परत घेऊन जाणारी माणसं दिना सिस्टरांनी पाहिलेली होती. अशा वेळी त्यांचा आवाज एकदम हळू आणि थंड व्हायचा. त्याच आवाजात त्या खोक्याला म्हणाल्या, "राहा. बघू कोण नेत नाही ते."

मग घराचा वॉर्ड झाला. हॉस्पिटलने मोडीत काढलेला बाळांचा वजनकाटा स्वयंपाकघरात आला. प्रत्येकाच्या गळ्यात सुती नाडी, नाडीवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर पेनाने आकडा, एक ते सात. सकाळ-संध्याकाळ वजन, खाल्लं किती, शी कशी, सगळं कार्डावर. मनासेंनी दुसऱ्याच दिवशी एकाला काळू म्हणून हाक मारली तर लगेच दटावणी आली.

"अहो, नावं ठेवायची नाहीत. नाव घरचे ठेवतात."

"मग आपण कोण?"

"आपण स्टाफ."

तीस वर्षं त्यांनी हा नियम पाळला होता. वॉर्डातलं बाळ म्हणजे चार नंबरच्या कॉटचं बाळ. नाव ठेवलं की जीव अडकतो, आणि जीव अडकलेली नर्स रात्रपाळीत उपयोगाची नाही.

आता घाई कशाची होती, तर शेरॉनला दिवस गेले होते. मार्चच्या वीस तारखेच्या आसपासची वेळ होती आणि दिना सिस्टरांचं विमानाचं तिकीट बारा मार्चचं. आदल्या वर्षी शेरॉनचं एकदा अडीच महिन्यांवर निसटलं होतं. तेव्हा दिना इथे, पोर तिथे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लेकीचा चेहरा अडकून अडकून हलत होता आणि लोकांच्या तीन हजार बाळांना हातात झेललेल्या या बाईला त्या काचेवरून हात फिरवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. "या वेळी मी तिथे असेन," असं त्यांनी लेकीला सांगितलं होतं. आणि त्यांचा शब्द म्हणजे वॉर्डातली सही.

पण पिल्लं मागे ठेवून जायचं कसं? मनासेंना खाली वाकता येत नव्हतं. दोन महिन्यांत ही सात जनावरं सात-आठ किलोंची होणार, त्यांच्यापुढे मनासे म्हणजे वाऱ्यापुढचा पडदा. तेव्हा दिना सिस्टरांनी नवसाला पावणाऱ्या एलियाहू हनबी या प्रेषिताला बोलून घेतलं, की बारा तारखेच्या आत सातही चांगल्या घरी पडू देत, जायच्या आधी मलिदा करीन. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर सुका मेवा आणि फळं. त्यांच्या ज्यू समाजात नवस फेडायचा तर तो असाच.

"चांगल्या घरी म्हणजे काय, तेही सांगितलंस का त्याला?" मनासेंनी विचारलं.

"ते मी बघेन. त्याने फक्त माणसं पाठवावीत."

माणसं आली. फुकट रॉटवायलर म्हटल्यावर कोण येत नाही? शनिवार सोडून रोज दारात कुणी ना कुणी असायचं. शनिवारी शब्बाथ, त्यांच्या धर्मातला विश्रांतीचा वार. तीस वर्षं हॉस्पिटलनेही त्यांची ती सुट्टी मान्य केली होती आणि बदल्यात प्रत्येक दिवाळीला त्यांना ड्यूटी लावली होती. शनिवारी आलेल्याला मनासे ओट्यावरूनच सांगत, "आज ओपीडी बंद."

आणि आलेल्या माणसाला पिल्लू लगेच मिळायचं नाही, डिस्चार्ज मिळवावा लागायचा. प्रसूतिगृहात बाळंतिणीच्या घरच्या बाईने सिस्टरांसमोर बाळाला आंघोळ घालून दाखवल्याशिवाय दिना सिस्टर डिस्चार्ज कार्डावर सही करत नसत. इथेही तेच. पहिला प्रश्न, "घरात भाकरी कोण करतं?" जो कोणी करत असेल त्याने स्वतः यायचं, कारण कुत्रा हौसेने पुरुष आणतात आणि सांभाळते भाकरी करणारी. तिने सिस्टरांसमोर पिल्लाला भरवायचं. दुसरा प्रश्न, "याला काम काय देणार?" कामाची जात रिकामी बसली तर सोफा फाडते, हे डॉक्टरांचं वाक्य त्यांनी घोकून ठेवलं होतं. मग सिस्टर घर पाहायला जाणार. आणि महिन्याने दुसऱ्या इंजेक्शनला पिल्लू आणि भाकरी करणारी, दोघांनी परत यायचं.

"सिस्टर, मुलगी बघायला आलोय की कुत्रा?" कामोठ्याचा एक तरुण चिडून म्हणाला होता.

"मुलगी असती तर तुम्हाला ओट्यावर पण बसवलं नसतं," मनासे म्हणाले.

सगळ्यात आधी आला तो उदयसिंह. त्याची गोदामांना रखवालदार पुरवायची एजन्सी होती. मोठी जीप, मोठ्या मिशा, पण बोलणं अदबीचं. "मॅडम, सातही उचलतो. आत्ता. तुमचा त्रास मिटला."

"झोपणार कुठे?"

"गोदामाच्या गेटवर. साखळीला."

"आणि दिवसा?"

"साखळीलाच. मॅडम, साखळीला बांधलं की तापट होतं, तापट झालं की चोर येत नाही."

दिना सिस्टरांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि पिल्लू दिलं नाही. त्याने राग न मानता आपलं कार्ड टेबलावर ठेवलं. "पुढेमागे लागलं तर फोन करा. मी नाही म्हणणार नाही."

फेब्रुवारीत पिल्लं एकेक करून जाऊ लागली. रोडपालीला एक निवृत्त हवालदार राहत होते. पहाटे दोन तास चालायचे आणि सोबत कुणी टिकत नाही म्हणून कुरकुरायचे. पहिला त्यांच्याकडे गेला. रोपवाटिकावाल्या कृष्णकांतने दोन नेले, कारण एकट्याला करमणार नाही असं त्याच्या बायकोचं म्हणणं पडलं, आणि या वाक्यावर दिना सिस्टरांनी तिला बाकीचे प्रश्नच विचारले नाहीत.

चौथ्यासाठी कोन गावाहून मुश्ताक आला. पंधरा वर्षं कुवेतला एसी दुरुस्त करून परतलेला माणूस. गावात कोंबड्यांची शेड टाकली होती आणि रात्री कोल्हे येत होते.

"घरात भाकरी कोण करतं?"

"अम्मी."

"मग अम्मींना आणा."

मुश्ताकने डोकं खाजवलं. "सिस्टर, अम्मी नाय यायची. कुत्र्याला ती..."

"मग चौथापण नाही यायचा."

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी हुस्नबानो आली. सत्तरीची, काठीएवढीच सडसडीत. ओट्याच्या पायरीशीच थांबली. "सिस्टरबाय, मी आत नाय यायची. आमच्यात कुत्रं घरात घेत नाय. माझी नमाज असते, कपड्याला तोंड लागलं तर सगळं धुवत बसायला माझ्यात ताकद नाय. राखणीला चालतं, शेडवर. मी हात लावणार नाय, आत्ताच सांगते."

"भरवायचं तरी लागेल. माझ्यासमोर."

मनासेंना वाटलं, झालं, हे स्थळ गेलं. पण हुस्नबानोने दूधभाताचं भांडं जमिनीवर ठेवायला लावलं, वाकून भांड्यावर तळहात धरला आणि म्हणाली, "ऊन हाय. पोराची जीभ भाजंल. जरा थांबा." मग थोड्या वेळाने काठीच्या टोकाने भांडं हळूच पिल्लापुढे सरकवलं.

दिना सिस्टरांनी कार्ड पुढे ओढलं आणि सही केली.

महिना सरेपर्यंत पाचवा आणि सहावाही गेले. राहिला सातवा.

सातव्यात वाईट काही नव्हतं, हीच पंचाईत होती. खायचा नीट, वाढायचा नीट. पण भुंकायचा नाही. राखणीला कुत्रा न्यायला आलेला माणूस आधी टाळी वाजवून बघतो, ताट आपटून बघतो. बाकीचे सहा अशा वेळी छाती काढून पुढे यायचे. सातवा खाली बसायचा आणि आवाज करणाऱ्याकडे, याला काही दुखतंय का, अशा नजरेने पाहत राहायचा. त्याला पाहायला आलेल्या नऊ घरांनी नकार दिला.

त्यात त्याला वेगळाच नाद लागला. एके सकाळी वरच्या अंगाला राहणाऱ्या चंद्रावतीबाई एका पायात चप्पल घालून आल्या.

"दिनाताई, तुमचा वाघ माझी चप्पल घेऊन गेला."

अंगणात शेवग्याखाली चंद्रावतीबाईंची चप्पल होती. तिच्याशेजारी मनासेंच्या दोन, दिना सिस्टरांचा ड्यूटीचा पांढरा बूट, समोरच्या घरातल्या शाळकरी पोरीची सँडल, तीन वाट्या आणि एक लाटणं. सगळं एका ठिकाणी, जवळजवळ लावून ठेवलेलं. सातवा त्याच्याभोवती फेरी मारत होता.

"चावलंय का कुठे?" दिना सिस्टरांनी विचारलं.

"चावलं नाही, पण चोर तो चोर. कुंपणाखालून येतो मेला, आवाज नाही की काही नाही. माझ्याकडे पाहुणे आले होते, चार जोड गेले. लोक अनवाणी उभे!"

दिना सिस्टरांनी माफी मागितली, फळी ठोकून कुंपणाखालची फट बुजवली आणि कार्डावर खरं ते लिहिलं. त्या कधीच खोटं लिहीत नसत. 'वजन आठ किलो दोनशे. प्रकृती उत्तम. भुंकत नाही. चपला चोरतो.' आता असं कार्ड वाचून कोण नेणार? मनासे म्हणाले, "शेवटची ओळ पुसून टाक." त्या म्हणाल्या, "काविळीचं बाळ गोरं आहे म्हणून नाही सांगत मी."

मार्च उजाडला. शेरॉन रोज बोलायची. तिचे पाय सुजत होते आणि पडद्यावर ते दाखव म्हटलं की दाखवायची नाही. "आई, तू येतेयस ना? नक्की?"

"अगं तिकीट आहे ना हातात."

"तुझं ते सातवं बाळ?"

"लागेल त्याची सोय."

सोय लागत नव्हती. जगनच्या चाळीत परवानगी नव्हती. हॉस्पिटलमधल्या आया हसून मान हलवायच्या. मनासे म्हणाले, "मी बघतो त्याला," आणि ते खोटं नाही हे दाखवायला खुर्चीतून उठले. सातव्याने त्याच वेळी त्यांच्या मागून खुर्ची ढकलत शेवग्याकडे नेली. बसायला गेलेले मनासे थोडक्यात वाचले. नशीब, भिंत जवळ होती.

आठ मार्चला, शुक्रवारी दुपारी, दिना सिस्टरांनी वॉर्डातल्या फोनवरून उदयसिंहचा नंबर लावला. बोटं दोनदा चुकली. सलाईनची शीर पहिल्या टोचणीत पकडणारी ती बोटं.

"बोला मॅडम. एकच उरलाय? चालेल. सोमवारी सकाळी दहाला येतो."

"साखळी..." त्या म्हणाल्या.

"लांब ठेवीन मॅडम. तुमच्यासाठी."

फोन ठेवल्यावर त्या तीन नंबरच्या कॉटच्या बाळाचे लंगोट बदलत राहिल्या, ओले नव्हते तरी. आपल्या लेकीच्या बाळाकडे जायचं म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी बाळ साखळीला बांधून जायचं, असा काहीतरी तो हिशेब होता आणि तो कसाही मांडला तरी त्यांना पटत नव्हता. पण मंगळवारचं विमान थांबणार नव्हतं, शेरॉनच्या कळा तर त्याहून नाही.

रविवारी चौथ्याच्या दुसऱ्या इंजेक्शनचा दिवस होता. तारीख कार्डावर त्यांनीच लिहिलेली. मुश्ताक टेम्पोने चौथ्याला घेऊन आला आणि नियमाप्रमाणे भाकरी करणारीही आली. मुश्ताक पिल्लाला घेऊन डॉक्टरांकडे गेला. हुस्नबानो ओट्यावर बसली. मनासेंनी तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

"कसा आहे चौथा?" दिना सिस्टरांनी विचारलं.

"कोल्ह्यांचा बाप हाय. भुंकतो असा की मुडदे उठतील. पण माझ्या बदकांचं वाटोळं केलंन त्यानं."

"बदकं पण आहेत?"

"सव्वीस हायत. माझी सोताची. दिवसभर तळ्यावर असतात. संध्याकाळी आणायला मी जाते काठी घेऊन. आता पाय चालत नाय. मग काय, बदकं शिरतात शेजारच्या वालात. तो दाजी पाटील बांधावरून बोंब मारतो, म्हातारे, तुझी बदकं आमच्या शेंगा खातायत! चौथ्याला पाठवला, तर तो भुंकला आणि सव्वीस बदकं सव्वीस दिशेला. तौबा! अर्धा वाल तुडवला." मग ती थांबली. "ह्यो काय करतोय?"

बुजवलेली फट सातव्याने परत उकरली होती. तो समोरच्या रस्त्यावरून एक चप्पल तोंडात धरून, दात न लावता, ओट्याखाली आला. तिथे आधीच दोन होत्या. त्याने तिसरी त्यांच्याशेजारी ठेवली, नाकाने सरकवून सरळ केली आणि चौथी चप्पल आणायला गेला.

"तो चोर आहे," दिना सिस्टर थकून म्हणाल्या. "लिहूनही ठेवलंय मी."

हुस्नबानो बघत राहिली. मग तिने आपली काठी घेतली आणि तीन चपलांपैकी एक लांब ढकलली. सातवा परत आला, त्या एकटीकडे बघून अस्वस्थ झाला, तिच्या मागून फिरून गेला आणि तिला ढकलत कळपात आणून ठेवली. मग खाली बसला.

"सिस्टरबाय," हुस्नबानो म्हणाली, "तीस वर्षं पोरं बघतेस आणि एवढं कळत नाय? चोर असता तर लपवलं असतं. ह्यो जमवतोय. सुटलेलं त्याला बघवत नाय. उरणला माझ्या बापाकडे शेरडं होती, आमचा कुत्रा अस्साच होता. कधी भुंकला नाय. भुंकलं की शेरडं पळतात, कळत होतं त्याला." तिने दिना सिस्टरांकडे रोखून पाहिलं. "तुमी याला चपला दिल्यात जमवायला. कळप नाय दिलात."

दिना सिस्टरांनी ओट्याखालच्या चपलांकडे पाहिलं. गुरं हाकणारी जात, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. 'काम काय देणार' म्हणून त्यांनी अख्ख्या पनवेलला पिडलं होतं आणि घरात दोन महिने विनापगारी काम करणाऱ्याच्या कार्डावर चोर म्हणून लिहिलं होतं.

"तुम्ही न्याल?" त्यांनी विचारलं.

"आधी तळ्यावर चल. तू नाय का घर बघायला जात? आता मी कुत्रा बघते."

दुपार उतरताना मुश्ताकच्या टेम्पोत पुढे हुस्नबानो आणि दिना सिस्टर, मागे चौथा, सातवा आणि मनासे. मनासे स्वतःच्या गुडघ्यांना न विचारता आले होते. कोनच्या तळ्यापाशी ऊन तिरपं झालं होतं. बदकं वालाच्या कडेला पोचलेली आणि बांधावर दाजी पाटील कमरेवर हात ठेवून उभा.

"आली का म्हातारी! बघ, परत आत शिरत्यात!"

सातव्याला खाली सोडलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा बदकं पाहिली. तो सरळ त्यांच्या मधोमध गेला. फडफडाट झाला, अर्धी बदकं पाण्यात आणि सातवा त्यांच्यामागे पाण्यात. दाजी पाटील हसून हसून बांधावर बसला. "ह्यो राखणार? ह्याला आंघोळ घालायला आणलंय!"

दिना सिस्टरांचा हात आपोआप पदराकडे गेला. ड्यूटीवर असताना बाळ रडायला वेळ लावायचं तेव्हा जायचा तसा. "थांब," हुस्नबानो म्हणाली. "रडायला वेळ लागतो एकेकाला."

सातवा काठावर येऊन बसला. अंग झाडलं. बराच वेळ नुसता बघत बसला. मग उठला आणि मधून न जाता लांबून वळसा घालून गेला, तळ्याच्या पलीकडून, वालाच्या कडेने, पोट जमिनीला लागेल असा. एक बदक कळपाकडे सरकलं, दुसरं सरकलं. तो थांबे, ती चालत. ती थांबली की तो दोन पावलं पुढे. आवाज नाही की काही नाही. दाजी पाटील उठून उभा राहिला आणि त्याने कमरेवरचे हात काढले.

शेडच्या दारापर्यंत एकवीस बदकं पोचली. पाच तळ्यातच राहिली. एकविसांच्या मागे सातवा आला, तोंडात दाजी पाटलाची एक वहाण घेऊन.

"पाच राहिली," दिना सिस्टर घाईने म्हणाल्या. "पहिलाच दिवस आहे, शिकेल..."

"मी पण एवढ्या जल्दी शिकली नव्हती," हुस्नबानो म्हणाली. "पण ऐक. घरात नाय. बदकांच्या खुराड्याशेजारी छप्पर हाय, तिथं झोपेल. साखळी नाय लागायची. भांडं वेगळं. भाकरी मी करीन, मुश्ताक घालेल."

"ऊन असेल तर..."

"थांबीन गं बाय! मला शिकवतेस?" मग तिने काठी मनासेंकडे रोखली. "आणि तू चाललीस लेकीकडे. याच्या भाकरीचं काय? घरात भाकरी कोण करतं?"

मनासेंनी इकडेतिकडे पाहिलं.

"याला डिस्चार्ज नाय मिळायचा," हुस्नबानोने निकाल दिला. "मुश्ताक, अंडी टाकायला खांदा कॉलनीत जातोस ना? एक डबा रोज." मनासे "नको, नको" म्हणत होते आणि त्याच दमात डब्यात काय असेल ते विचारत होते.

सोमवारी सकाळी बरोबर दहाला उदयसिंहची जीप आली. दिना सिस्टर पोहे भिजवून खोबरं खवत होत्या. त्यांनी हात पुसले आणि सरळ सांगून टाकलं, की सातवा गेला, तुम्हाला उगाच फेरी पडली, चूक माझी.

उदयसिंह मिशीवरून हात फिरवत उभा राहिला. "तुम्ही मला तो प्रश्न विचारलाच नव्हता मॅडम. भाकरीचा."

"कोण करतं?"

"मीच. बायको गेल्यापासून." तो किंचित संकोचला. "घरासाठी एखादा, साखळीचा नाही, मिळाला कधी तर..."

"बसा," दिना सिस्टर म्हणाल्या. "मलिदा खाऊन जा." आणि कार्डांच्या गठ्ठ्यातून एक कोरं कार्ड काढून त्यावर त्याचं नाव लिहून ठेवलं. मलिद्याची एक ताटली मुश्ताकबरोबर कोनला गेली. संध्याकाळी निरोप आला, की आमचा मलिदा चपातीचा असतो, तुमचा पोह्यांचा, पण गूळ बरोबर पडलाय.

मंगळवारी विमानात बसायच्या आधी त्यांनी सातव्याच्या कार्डावरची शेवटची ओळ खोडली. 'चपला चोरतो' च्या जागी लिहिलं, 'काम : बदकं घरी आणणे'. खाली सही केली, तारीख टाकली आणि कार्ड मनासेंच्या हाती दिलं.

शेरॉनला वीसऐवजी सतरालाच कळा सुरू झाल्या. बाळ मुलगी, तीन किलो शंभर, रडायला जरासा वेळ लावणारी. तिथल्या नर्सने बाळाच्या पायात आकड्यांची पट्टी अडकवली, ती दिना सिस्टरांनी तीनदा तपासली. मग पनवेलचा नंबर लावून मनासेंना बातमी दिली. मनासे रडले, नाक ओढलं आणि म्हणाले, "काल सव्वीसच्या सव्वीस आली. हुस्नबानोने खास निरोप दिलाय."

"नाव काय ठेवलं त्याचं?"

"म्हाताऱ्या म्हणते त्याला."

नर्स कागद घेऊन आली आणि तिने हिब्रूत काही विचारलं. शेरॉन थकलेल्या आवाजात म्हणाली, "आई, नाव विचारतेय ती."

बाळ दिना सिस्टरांच्या हातात होतं. "नाव घरचे ठेवतात," त्या सवयीने म्हणाल्या.

"आई," शेरॉन म्हणाली, "आपणच घरचे."

दिना सिस्टरांनी पट्टीवरचा आकडा बोटाखाली झाकला आणि बाळाच्या तोंडाकडे पहिल्यांदा, स्टाफसारखं नाही, असं निवांत पाहिलं.